बहात्तरच्या दुष्काळाचे ऋण

सन १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अद्याप विस्मृत झालेला नाही. आधीच्या अवर्षणामागोमाग त्या वर्षीही पावसाने पाठ फिरविली आणि खरीप करपून गेला. १९७३ च्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला, गोठे ओस पडले. रेशनवरील परदेशी मिलोच्या भाकरीवर थोरांनी व सुकडीवर मुलांनी दिवस काढले. त्या मे महिन्यात सुमारे ५० लक्ष स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर राबत होते. कालपर्यंत इतरांस काम देणारा शेतकरी भूमिहीन मजुराच्या शेजारी बसून खडी फोडू लागला. तेथे कुळाची प्रतिष्ठा कोणाच्याच कामी आली नाही.

त्या घामातून पाझर तलाव, बांध व रस्ते उभे राहिले. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेस या अनुभवाने बळ दिले आणि १९७७ च्या कायद्याने श्रमिकाचे काम मागणे हा हक्क ठरला. ती याचना उरली नाही.

ज्या घरी त्या दिवसांचे साक्षीदार वडीलधारे आहेत, तेथील तरुणांनी त्यांच्या आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात. पूर्वजांच्या वैभवाइतकाच त्यांच्या हातांवरील घट्ट्यांचाही इतिहास आपण जपला पाहिजे.