तपासणी न झालेल्या बायका

1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हिनेगर लावून तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितलं आणि सोडून दिलं. 2009 मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटात या रोगाने 34 बायका गेल्या. चौथ्या गटात 64.

मी नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात, आरोग्य सेविका होते. चौथा गट म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमचा अख्खा तालुका त्या गटातच होता, फक्त कुठल्या अभ्यासात त्याची नोंद नव्हती.

उपकेंद्रात स्पेक्युलम होतं, टॉर्च होती. तांबी बसवताना पिशवीचं तोंड स्पष्ट दिसायचं. पण मीटिंगमध्ये प्रश्न एकच असे: तांब्या किती, ऑपरेशनच्या केसेस किती? हे टार्गेट सरकारने 1996 साली काढून टाकलं. तरीही तोंडावर जखम आहे का, बोट लागताच रक्त येतं का, हे ना आम्हाला शिकवलं, ना रजिस्टरात त्याला रकाना. तांबीचं वय उलटलेल्या बाईला तर टेबलावर घ्यायचं कारणच उरत नसे. ती ‘अंगावरून जातंय’ म्हणून यायची, गोळ्या घेऊन जायची. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर घरचे म्हणत, उष्णता झाली. एका बाईला एका खाजगी दवाखान्यात महिनोन् महिने गोळ्याच दिल्या, आतून कधी पाहिलंच नाही. पुढे नाशिकला तुकडा तपासला, तेव्हा ‘टाटाला न्या’ म्हणाले. पंचवटी एक्स्प्रेसनं दादर, तिथून परळचं टाटा रुग्णालय. तोवर रोग कंबरेच्या हाडापर्यंत गेला होता.

खरं तर हा रोग बहुधा सावकाश वाढतो. पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात तो पकडून बऱ्याचदा नुसता गोठवून नष्ट करता येतो. पापानिकोलाऊंचं पॅप स्मिअरवरचं पुस्तक 1943 सालचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1949 मध्ये त्यावर तपासणीची योजना उभी केली. आमच्याकडे पॅप स्मिअरची काच वाचणारा माणूस तालुक्यात नव्हता, हे मान्य. पण व्हिनेगरला लॅब लागत नाही: लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. उस्मानाबादेत व्हिनेगरच्या गटात मृत्यू फारसे घटले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र टाटाने शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी 1998 पासून दर दोन वर्षांनी तेच केलं आणि मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

मुंबईतही तपासणीविना ठेवलेला गट होताच. पुढे अमेरिकेतले डॉ. एरिक सूबा यांनी त्यावर बोट ठेवलं: तपासणीने जीव वाचतो हे जगाला ठाऊक असताना हजारो बायका तुलनेसाठी तशाच का ठेवल्या? संशोधक म्हणाले, सरकारी व्यवस्थेत तपासणी नव्हतीच, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही. हे उत्तर मला पटत नाही. मोजायला दारापर्यंत माणूस जातो, तर तपासायलाही जाऊ शकतो. पण त्याहून मोठा राग मला त्या ‘नव्हतीच’चा येतो, कारण ती का नव्हती याचा जाब कुणालाच द्यावा लागला नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तो दवाखाना वगळला. म्हणजे आमच्या उपकेंद्रातली बाई ग्राहकच नव्हे.

2016 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत: 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी. माझी मागणी अशी की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरमध्ये वर्षाला किती जणींची तपासणी झाली आणि किती जणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडल्या, हे दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत, आणि ते ऐकायला बायकांना आधी निरोप जावा.