मेटा चारसेट: एका ओळीचा इतिहास

नवं वेबपान करायला घेतलं की हेडमध्ये एक ओळ आपण डोळे मिटून चिकटवतो: मेटा चारसेट, बरोबर, यूटीएफ-८. कुठूनतरी उचललेली, कधी कुणी न समजावलेली. ही ओळ आली कुठून, आणि ती नसली तर मराठीचं नेमकं काय होतं? या शनिवारी तेवढंच बोलूया.

सुरुवात आस्कीपासून. १९६३ सालचं हे मानक सात बिटांचं, म्हणजे जागा फक्त १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं बसली आणि घर भरलं. आपल्याकडे आठवा बिट वापरून इस्की तयार झालं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोड १.० आलं. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे.

पण हे सगळं सामान्य पीसीपर्यंत पोचेपर्यंत लोक थांबले नाहीत. शिवाजी, शुषा अशा फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवली होती. वरून मराठी, आतून इंग्रजी अक्षरांचा काला! फाँट नसेल तर पान वाचता येत नाही, आणि शोधायला गेलं तर सर्च इंजिनला त्यात मराठी दिसतच नाही. त्या काळात लिहिलेला मजकूर रूपांतर केल्याशिवाय आजही मुकाच आहे.

यूटीएफ-८ चा जन्म मात्र झकास आहे. सप्टेंबर १९९२, न्यू जर्सीतलं एक डायनर. बेल लॅब्जचे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक जेवायला बसलेले. टेबलावरच्या कागदी मॅटवर थॉम्पसननं आराखडा मांडला, आणि काही दिवसांत त्यांची प्लॅन ९ ही सिस्टिम त्यावर चालायला लागली. युक्ती साधी: आस्कीची चिन्हं होती तशी एका बाइटात, बाकीच्यांना जास्त बाइट. जुन्या इंग्रजी फायलींना धक्का नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी: पाच चिन्हं, पंधरा बाइट.

आता ब्राउझरला हे सांगितलंच नाही, तर तो पश्चिम युरोपीय अक्षरं समजून एकेक बाइट सुटा वाचू शकतो. मग दिसतं ते ओळखीचं कडबोळं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि शेजारी चलनाचं गोल चिन्ह. दुसऱ्या वेलांटीपाशी, उकार-मात्रांपाशी तर चक्क जपानी येनचं चिन्ह! म्हणून ती ओळ. एचटीएमएल ४ च्या दिवसांत ती लांबलचक होती, एचटीटीपी-इक्विव्ह वगैरेसकट. लोक अवतरणचिन्हं विसरायचे, त्यामुळे चारसेट हा वेगळाच गुणधर्म असल्यासारखा दिसायचा. ब्राउझरवाल्यांनी तेही चालवून घेतलं. एचटीएमएल ५ नं मग तीच आखूड ओळ अधिकृत केली. म्हणजे लोकांच्या विसरभोळेपणाचं मानक झालं!

खरी गंमत डेटाबेसात आहे. मायएसक्यूएलमधला 'यूटीएफ८' हा प्रकार एका चिन्हाला तीनच बाइट द्यायचा. देवनागरी तिनात बसते, म्हणून आपलं काम चालून गेलं. पण २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडी लिपी आली, आणि तिला चार बाइट लागतात. म्हणजे पेशवाईतली पत्रं मोडीतच साठवायला गेलात तर हा प्रकार ती नाकारणार किंवा तोडणार. उपाय २०१० पासून आहे: यूटीएफ८एमबी४. मायएसक्यूएल ८.० पासून (२०१८) तोच डीफॉल्ट आहे, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत.

तर तात्पर्य:

१. ही ओळ हेडमध्ये सर्वांत आधी टाका. पहिल्या १०२४ बाइटांत ती यायलाच हवी.
२. सर्व्हरचा हेडर वेगळं सांगत असेल तर त्याचंच चालतं. तो आधी तपासा.
३. टेबल आणि कनेक्शन, दोन्ही यूटीएफ८एमबी४ ठेवा.

तीन ठिकाणी तीन मिनिटं. एवढं केलं तर आपण आज लिहिलेली मराठी पंधरा वर्षांनी शुषातल्या पानांसारखी मुकी होणार नाही.