कुलाब्याहून कुलाब्याला

कचेरी म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण टेबल, खुर्ची, कपाटे आणि पंखा एवढी यादी सांगतील. अलीकडे मोठमोठ्या कंपन्या नोकरवर्गाचा अनुभव लक्षात घेऊन आपल्या कचेऱ्यांची मांडणी नव्याने करू लागल्या आहेत, आणि हा विचार अगदी नवा म्हणून सांगितला जातो. तो तितका नवा नाही. काम जाणणाऱ्या माणसाने कामाची जागा कशी घडवावी, याचा एक नमुना आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागेस, १९०४ सालापासून उभा आहे. पाहुणे कुलाबा किल्ला पाहून परततात; या चुंबकीय वेधशाळेकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

तिचे मूळ मुंबईच्या कुलाब्यात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ मध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन सुरू झाले. आरंभी निरीक्षक डोळ्यांनी सुईची हालचाल पाहत आणि आकडा वहीत उतरवीत. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील उत्पातामुळे जगभर चुंबकीय वादळ झाले, तेव्हाही या माणसांनी आपली नोंद सोडली नाही. त्यांच्या आकड्यांत क्षैतिज बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने उतरलेले दिसते. २००३ साली शास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा अभ्यासून प्रसिद्ध केले. वहीत इमानाने लिहिलेला आकडा १४४ वर्षांनी कामास आला!

पुढे छायाचित्रणाने नोंद घेणारी यंत्रे आली. सुईपुढे डोळे लावून बसण्याचा शीण कमी झाला. पण दुसरेच संकट उभे राहिले. १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या, त्या आता विजेवर चालवण्याचे ठरले. विजेचा काही प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि जवळची नाजूक सुई हलू लागते. मग पृथ्वीची हालचाल कोणती आणि ट्रामची कोणती, हे कसे ओळखावे? शहराला ट्राम हवी होती, आणि ती मागणी रास्त होती. परंतु साठ वर्षांची अखंड नोंदही तितकीच मोलाची होती.

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. १८९६ साली या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांनी जागा निवडली ती अलिबागची. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दूर; ना रेल्वे, ना ट्राम. कुलाब्याची वेधशाळा अशा रीतीने कुलाबा जिल्ह्यात आली! हाच जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो.

नवी इमारत बांधताना लोखंड वर्ज्य ठरले. दगड पोरबंदरचा, चुंबकत्वापासून मुक्त. जोडकाम पितळ व तांब्याचे. यंत्रांची खोली दुसऱ्या खोलीच्या आत, म्हणजे बाहेर ऊन तापले तरी आतील तपमान फारसे बदलू नये. ही शोभेची मांडणी नव्हे. रोज सुई वाचणाऱ्याला कोणत्या गोष्टी दगा देतात, हे जाणूनच ती केली होती.

आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नवे घर तयार झाले म्हणून जुन्याला लगेच कुलूप घातले गेले नाही. १९०४ ते १९०६ अशी सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. श्रम दुप्पट झाले. पण जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा पक्का जुळला. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तेव्हा अलिबागचे काम सुरळीत चालू होते. १८४६ ते १९०५ या काळाच्या नोंदी मूस यांनी १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

कोणी म्हणेल, ही सोय सुईची झाली, माणसाची नव्हे. पण ज्याचे काम आकडा बिनचूक घेण्याचे, त्याला आकड्यावर विश्वास ठेवता येणे याहून मोठी सोय कोणती? गुबगुबीत खुर्ची आणि रंगीत भिंती जरूर असाव्यात. त्याआधी मात्र कचेरी बांधणाऱ्याने तेथे बसणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: तुझ्या कामात व्यत्यय कशाचा येतो, आणि जुन्यातले काय तुटू द्यायचे नाही? हे प्रश्न न विचारता घातलेला पाया कितीही खोल असला, तरी कच्चाच राहतो.