कुंभाराचे आडनाव

तिकोणा पेठ हे तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. याच मावळ तालुक्यात बेडसे आणि कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहांचे खांब पाहताना माझी नजर आधी खाली जाते. खांब उभे आहेत ते दगडातच कोरलेल्या घटांवर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला खांबाचा पाया घडवताना कुंभाराचा घट आठवला. कार्ल्याच्या अनेक खांबांवर दात्यांचे लेख आहेत आणि त्यांतले काही दाते धेनुकाकटचे ‘यवन’ आहेत. म्हणून कार्ले परक्यांचे आहे, असे कुणी म्हणत नाही.

घट आणि परकेपणा या दोन गोष्टी एकत्र आल्या की मला जपानमधले एक कुंभार घराणे आठवते.

१५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीच्या फौजांनी कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी तिथले कुंभार कैद करून आणले. त्यामुळे जपानात या लढाईला ‘मातीच्या भांड्यांची लढाई’ असेही म्हणतात. सात्सुमाच्या शिमाझू सरदाराने १५९८ मध्ये नामवॉनहून आणलेल्या कैद्यांत शिम दांग-गिल होता. या लोकांना पुढे नाएशिरोगावा गावी वसवले गेले. आज त्या गावाचे नाव मियामा आहे. सुरुवातीच्या एका प्रकारच्या वाडग्यांना ‘हिबाकारी’ म्हणतात, म्हणजे ‘फक्त आग’. माती कोरियाची, झिलई कोरियाची, हातही कोरियन. जपानची फक्त भट्टीतली आग.

पुढे सात्सुमातच पांढरी माती सापडली. तिची पांढरी भांडी सरदाराच्या घराण्यासाठी आणि काळी भांडी रयतेसाठी, अशी विभागणी झाली. हुनर मोलाचा होता, म्हणून सरदाराने या कुंभारांना वेगळे ठेवले. कोरियन नावे, कोरियन पोशाख आणि भाषा त्यांनी सोडू नये, असा दंडक होता. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात बाराव्या पिढीच्या शिम सुग्वानच्या फुलदाण्या गाजल्या. जपानीत हे नाव ‘चिन जुकान’ असे उच्चारतात. तेव्हापासून घराण्याचा प्रत्येक वारस हेच नाव घेतो. आज पंधरावी पिढी चाकावर आहे.

पण जे नाव हुकमाने टिकवले, तेच पुढे अडचणीचे ठरले. सरदारकी संपली, आधुनिक राष्ट्र उभे राहिले आणि कोरियन नाव संशयाचे झाले. याच गावातल्या पाक घराण्याने १८८६ मध्ये ‘तोगो’ हे जपानी आडनाव घेतले. त्या घरातला शिगेनोरी तोगो दुसऱ्या महायुद्धात दोनदा जपानचा परराष्ट्रमंत्री झाला. कुंभाराच्या घरातल्या मुलाला देशाचा मंत्री होता आले, पण बापाचे आडनाव मागे टाकून.

या इतिहासातली खरी गोम मला इथे दिसते. वेगळेपण त्या लोकांनी मागितले नव्हते. ते आधी त्यांच्यावर लादले गेले आणि नंतर त्याचाच ठपका त्यांच्यावर आला.

आपल्याकडे शिकलगार, तांबोळी, अत्तार, बागवान, मणेर ही आडनावे म्हणजे गावगाड्यातल्या कामांची नोंद आहे. आपल्यात पाटील आणि देशमुखही आहेत. तरी चांगले मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न चुकत नाही. मलाही तो अनेकदा विचारला गेला आहे. ‘इथलाच’ हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. ज्या भांड्यांना आपण सहज ‘चिनी माती’ची म्हणतो, त्यांवरच्या निळ्या रंगासाठी लागणारा कोबाल्ट एके काळी इराणकडून चीनला जात असे, आणि चिनी लोक त्याला ‘मुसलमानी निळा’ म्हणत. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाचे नावही त्याच्या निळ्या-पांढऱ्या फरशांवरून पडले. कुठल्याही कलेचे मूळ शोधत गेलो तर ते असे चार मुलखांत पसरलेले सापडते.

१९९८ मध्ये, चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, चौदाव्या शिम सुग्वानने नामवॉनहून आग मियामात आणली. या वेळी माती जपानची होती, हातही जपानचे होते. फक्त आग कोरियाची होती. त्याने आपले कोरियन नाव सोडले नाही आणि जपानवरचा हक्कही सोडला नाही. दोन्ही एकाच माणसाचे असू शकतात, एवढे मान्य करायला चारशे वर्षे लागू नयेत.