ड्रमपासून डिस्कपर्यंत: रायगड किनाऱ्यावरची ब्रेकची थरथर

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा इथल्या मोटारी म्हणजे मुख्यतः अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. कशेडी घाट उतरताना ब्रेक दाबूनच ठेवला की ड्रम तापे, गोलाई बिघडून लंबगोल होई आणि पेडल पायाखाली धडधडू लागे. उपाय ठरलेला: ड्रम लेथवर चढवायचा, पातळ थर कापायचा, लायनर नव्या गोलाईला घासून बसवायचे. कापण्यालाही मर्यादा, पातळ ड्रम आणखी लवकर तापतो.

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडात लँचेस्टर या मोटार-अभियंत्याने १९०२ मध्येच घेतले होते. इथे तो सर्रास दिसू लागला मारुतीच्या जमान्यात, तोही पुढच्या चाकांपुरता. घाटाचा जाच कमी झाला, खाऱ्या हवेचा मात्र वाढला. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत डिस्कवर गंज चढतो, पॅडखाली डाग उमटतो आणि चकतीची जाडी कमीजास्त होते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले तर दोष बहुधा पुढे, सीट थरथरली तर मागे. ‘डिस्क वाकली’ हे निदान बरेचदा घाईचे. आधी हबवरचा गंज खरवडून डायल गेज लावून चकतीचा डोल मोजावा, चाकाचे नट सारखे आवळावेत. गंजलेल्या हबवर नवी डिस्कही काही महिन्यांत थरथरू लागते.