बापू कुटीतली बलविद्या

मागच्या खेपेला एका विद्यार्थ्याने विचारलं, सेवाग्रामच्या कुटीत आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांनी काय पाहायचं? आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, पण हा प्रश्न मनातून गेला नाही.

गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला आले. सेवाग्राम हे नाव 1940 चं. पहिल्या घरासाठी, म्हणजे आदी निवासासाठी, त्यांच्या अटी होत्या: खर्च 500 रुपयांच्या आत, सामान आणि मजूर आसपासचेच. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी. भिंतीवरची मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा तिच्याच हातचे. लोक ते पाहतात आणि पुढे जातात. आपण भिंतीपाशी जरा थांबू.

माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तीन मीटर उंच भिंतीच्या पायाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोच्या आसपास येतो. चांगली वाळलेली माती दहा किलोच्या आसपास सहज झेलते. म्हणजे चिरडण्याची भीती नाहीच. भीती तडा जाण्याची आणि भिजण्याची. तड्यावर उपाय म्हणून कुडात बांबू आणि गिलाव्यात कुटार. ताण हे तंतू घेतात. काँक्रीटमध्ये सळई हेच करते, एवढंच की सळईचं गणित पुस्तकात आहे. भिजण्यावर उपाय खाली उतरलेले कवेलूंचे छप्पर. माती भिजली की तिची ताकद झपाट्याने जाते, म्हणून पाणी भिंतीला लागूच द्यायचं नाही.

आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. म्हणून जुन्या माणसांनी काळीत पीक घेतलं आणि पांढरीत वस्ती केली, भिंतीलाही पांढरीचीच माती वापरली. हे प्रयोगशाळेत शिकलेलं नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं.

याला किंमत होतीच. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंती लिंपायच्या; आणि लिंपण्याचं काम बहुतेक बायांच्या अंगावर पडायचं. सिमेंटचं घर हवं म्हणणाऱ्या बाईला आम्ही नावं ठेवणार नाही. पण जनगणनेच्या कागदावर मातीची भिंत म्हटली की ती कच्ची, हे आम्हाला पटत नाही. आदी निवास 1936 पासून उभा आहे. तो उभा आहे कारण त्याला दरवर्षी कुणीतरी हात लावतं. आता तुम्ही मुलांनी सांगा, असा हात लावणारी माणसं तुमच्या गावात किती उरली आहेत?