पांजरपोळापासून शस्त्रक्रियेपर्यंत : श्वान-जीवदयेची दोन शतके

जीवदयेचा विषय निघाला की जैन समाजात गोशाळा, पांजरपोळ आणि पाखरांचा चबुतरा यांचे स्मरण प्रथम होते. रस्त्यावरच्या कुत्र्याचे नाव त्या मालिकेत सहसा येत नाही. वाचकांस नवल वाटेल, परंतु मुंबईच्या सुप्रसिद्ध पांजरपोळाच्या स्थापनेस निमित्त झाले ते कुत्र्यांचेच.

१८१३ च्या नियमानुसार मुंबईत उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारली जात. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने शिपाई दारातील पाळीव कुत्र्यांवरही दंडुके चालवू लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी बांधवांनी त्यांना अडविले. जैन व हिंदू त्यांना सामील झाले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि किल्ल्याची रसद अडली. सरकारने लष्कर बोलावून दंगा मोडला. तथापि व्यापाऱ्यांच्या विनंतीवरून कुत्री मारण्याऐवजी अन्यत्र नेण्याचे मान्य झाले. मग ती ठेवावयाची कोठे? त्याचे उत्तर म्हणून १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. व्यापाऱ्यांनी मालावर स्वेच्छेने लागा बसवून त्याचा खर्च उचलला. भायखळ्याचे देरासर आणि पालिताण्याची टूक यांमुळे मोतीशा शेठ सर्वांना ज्ञात आहेत. हे कार्य मात्र विस्मृतीत गेले.

पांजरपोळाने मरण टाळले. जन्म तेवढेच राहिले. कुत्रीचा गर्भकाळ अवघा ६३ दिवसांच्या आसपास. एका वेतात चार-सहा पिल्ले, आणि वर्षातून एक-दोन वेते. कितीही मोठा वाडा बांधला तरी तो पुरणार कसा?

हाच प्रश्न १९२६ साली अहमदाबादेत अधिक तीव्रतेने पुढे आला. गिरणीमालक अंबालाल साराभाई, जे स्वतः जैन कुळातले, यांनी गिरणीच्या आवारातील साठ कुत्री मारविली. जीवदया मंडळाने महात्मा गांधींना जाब विचारला आणि ‘यंग इंडिया’त अनेक आठवडे वाद रंगला. गांधीजींनी गिरणीमालकाची बाजू घेतली, हे अनेकांना रुचले नाही, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्यांच्या एका मुद्द्याला उत्तर देणे कठीण होते : मालकी न घेता नुसता तुकडा टाकणे ही दया नव्हे, कारण त्याने अनाथ जीवांचीच संख्या वाढते. मारणे आणि पोसणे यांपलीकडचा तिसरा मार्ग त्या वादात व्यवहारात उतरलेला दिसत नाही.

तो मार्ग पुढे शस्त्रक्रियेने दिला. मारल्याने कुत्र्यांची संख्या टिकाऊपणे घटत नाही, कारण रिकामी झालेली जागा शेजारच्या गल्लीतील कुत्री भरून काढतात. मुंबई महापालिकेने १९९४ साली कुत्री मारणे थांबविले. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाचा मार्ग आखून दिला. २००१ साली केंद्राचे नियम आले, त्यांच्या जागी २०२३ चे नवे नियम लागू झाले. कुत्रा पकडावा, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, खूण म्हणून कानाचा तुकडा काढावा आणि जेथून आणला तेथेच सोडावा, ही मूळ पद्धत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून हलविलेली कुत्री पुन्हा तेथे न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे मोतीशांच्या काळचा निवाऱ्याचा प्रश्न काही अंशी परतला आहे.

शस्त्रक्रियेविषयी श्रावकांच्या मनात शंका येते, आणि ती क्षुल्लक नाही. शस्त्र चालते, रक्त निघते; कुत्री गाभण निघाली तर पोटातील जीवांचे काय? ही शंका झटकून टाकण्यापेक्षा वेळेची जयणा पाळणे योग्य. ग्रामीण भागात कुत्र्यांचा माज कार्तिकात, हे सर्वांच्या परिचयाचे. पिल्ले होतात ती पौषाच्या सुमारास, ऐन कडाक्याच्या थंडीत. प्रवराकाठच्या अकोल्यात त्या दिवसांत गटाराकाठी, ओट्याखाली कुडकुडणारी पिल्ले कोणी पाहिली नाहीत? त्यांतली कित्येक वर्षभरही जगत नाहीत. काही वाहनाखाली जातात, काही रोगाने. नियमांनुसार सहा महिन्यांखालचे पिल्लू आणि अंगावर पाजणारी कुत्री पकडता येत नाही. म्हणून कार्तिकापूर्वीचा काळच उपयोगाचा ठरतो. तेव्हा गाभण कुत्री सापडण्याचा संभवही कमी.

तालुक्याच्या गावी स्वतंत्र केंद्र चालविणे सोपे नाही. मान्यताप्राप्त संस्था, प्रशिक्षित पशुवैद्य, शस्त्रक्रियेनंतर ठेवण्यासाठी पिंजरे आणि पकडणारे कुशल हात, एवढे सारे जुळावे लागते. कायद्याने जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची असली, तरी खर्चाचा काही वाटा उचलणारे दाते, उन्हातान्हात मादी कोठे बसते हे ठाऊक असणारे दुकानदार आणि आधीच जन्मलेल्या पिल्लांना घर मिळवून देणारी कुटुंबे गावातलीच लागतात. पर्युषण भाद्रपदाच्या आसपास येते आणि जीवदयेच्या टिपा तेव्हाच लिहिल्या जातात. तेथून कार्तिकापर्यंत जेमतेम दोन महिने उरतात.